दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस

सुकुमार मगदूम यांनी आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत गाड्या दुरुस्त केल्या आणि उरलेला सगळा वेळ कॅरम खेळला. लग्न, मुलगी, सांगलीतलं दोन खोल्यांचं घर या गोष्टी त्यांच्या हातून झाल्या नाहीत असं नाही, पण त्या आपोआप होत गेल्या, असं त्यांची बायको हयात होती तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. गल्लीतल्या क्लबात त्यांच्यासमोर बसणारा हरायची तयारी ठेवूनच बसायचा. स्ट्रायकरला त्यांचं बोट लागलं न लागलं, तोच राणी जाळीत गेलेली असायची.

बासष्टाव्या वर्षी तेच बोट थरथरायला लागलं. मग हात, मग मान. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. पुढे थरथर कमी आणि ताठरपणा जास्त झाला. खुर्चीतून उठायला दहा मिनिटं लागायची आणि घास तोंडापर्यंत न्यायला तितकीच. चेहरा तर असा गोठला की त्यांना राग आलाय की हसू, हे पोटच्या मुलीलाही ओळखू येईना. पद्मजा पुण्याहून महिन्यातून दोनदा यायची. एकदा तिने हौसेने त्यांच्यासमोर कॅरम मांडला. स्ट्रायकरवर बोट ठेवायला त्यांना इतका वेळ लागला की शेवटी तिनेच बोर्ड उचलून पलंगाखाली सारला आणि न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

म्हणून गेल्या दिवाळीत याच माणसाने तिला सलग अकरा बोर्ड हरवलं, वर "तुझ्या आईला तुझ्यापेक्षा बरं खेळता यायचं" असं चिडवलं, तेव्हा पद्मजाला स्वर्ग दोन बोटं उरला. आणि या चमत्कारात तिचा स्वतःचाही खारीचा वाटा होता.

कंपवातात मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी मरत जातात. त्या डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. "हाल" हा हुकूम हातापायांपर्यंत पोचायला ते लागतं, आणि एखाद्या गोष्टीची गोडी लागायलाही तेच लागतं. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या लावायच्या, ही कल्पना जुनीच. भीती एवढीच होती की लावलेल्या पेशी वाढतच राहिल्या तर मेंदूत गाठ व्हायची. त्यावर काही वर्षांपूर्वी तोडगा निघाला. एका निवडक पेशीत शास्त्रज्ञांनी मोजणी बसवली. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. दर फुटीला पेशीच्या आतली मोजणी एक घर पुढे सरकते, आणि ठरलेली घरं भरली की पेशी फुटणं सोडून मुकाट्याने कामाला लागते. सगळी वाढ एका बंद कुपीत होते आणि ती कुपी तशीच मेंदूत बसवतात. मध्ये माणसाचा हात लागत नाही.

यात एक अडचण होती. दुपटी-दुपटीने वाढणाऱ्या पेशी हव्या तितक्या मिळत नाहीत. समजा, रोग्याला एक लाख चाळीस हजार पेशी हव्यात. सतरा घरं मोजली तर एक लाख एकतीस हजार बाहत्तर होतात, म्हणजे कमी पडतात. अठरा मोजली तर एकदम दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस. अधलंमधलं काही नाही. कमी पडून उपयोग नाही, म्हणून नेहमी वरचा आकडा धरायचा असं ठरलं. तसं केलं तरी मात्रा गरजेच्या दुपटीच्या आत राहते, आणि तेवढं मेंदू सांभाळून घेतो, हे चाचण्यांत दिसलं होतं. दुपटीच्या पुढे काय होतं, हे कोणी तपासलं नव्हतं. तिथवर जायचा प्रश्नच नव्हता.

हा वरचा आकडा शोधून देणारा प्रोग्राम पद्मजाने लिहिला होता. मोठ्या यंत्राच्या पोटातल्या पाच ओळी. यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण राज्यभरच्या केंद्रांमध्ये त्याला सगळे 'उबवणी' म्हणत. डॉक्टरांनी गरजेचा आकडा लिहून द्यायचा, तंत्रज्ञाने तो उबवणीत घालायचा, उबवणीने वरचा आकडा धरून घरं ठरवायची. इतकं साधं काम.

तंत्रज्ञांना शिकवायला तिने पुण्यात एक कार्यशाळा घेतली होती. चाळीस जण आले होते. सांगलीच्या केंद्राची रूपाली वाघमोडे पहिल्या रांगेत वही उघडून बसली होती. तिने हात वर केला.

"मॅडम, मशीन आमचा आकडा बदलणारच असेल, तर आम्हीच आधी बदलून दिला तर चालेल का? म्हणजे मशीनची चूक व्हायला नको."

पद्मजाला हसू आलं. यंत्राची चूक! तिने एका कागदावर दोन, चार, आठ करत दहा लाखांच्या वरपर्यंतचे सगळे आकडे ठसठशीत लिहिले आणि रूपालीच्या हातात दिले. "घ्या. हे पाठ करा. तेवढेच मशीनचे कष्ट वाचतील."

एकोणचाळीस जण हसले. रूपालीने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

दोन वर्षांत सांगलीच्या केंद्राचं नाव झालं. इतर ठिकाणी रोगी चालू लागायचे, इथले धावू लागले. लांबून लांबून लोक नंबर लावायला लागले. उबवणी तीच, डॉक्टर तसेच, मग सांगलीतच एवढा गुण का येतो, हे कोणाला कळेना. कोणी कृष्णेच्या पाण्याला श्रेय दिलं. पद्मजानेही वडिलांना, म्हणजे अण्णांना, पुण्याला नेलं नाही. घर जवळ आणि गुणही चांगला, म्हणून सांगलीतच त्यांची कुपी बसवली.

मार्चमध्ये अण्णांच्या तपासणीला ती त्यांच्यासोबत गेली. बाहेर बाकावर बसल्या बसल्या अण्णांनी पिशवीतून छोटा बोर्ड काढला आणि समोरच्या अनोळखी रोग्याला खेळायला बसवलं. रूपाली पद्मजाचा हात धरून तिला आत घेऊन गेली.

"या मॅडम, तुम्हाला गंमत दाखवते."

उबवणीच्या वर भिंतीला पद्मजाच्याच अक्षरातला कागद होता. लॅमिनेट केलेला.

"तुमचाच. वळणदार अक्षर आहे, बघून बरं वाटतं." रूपालीने डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेतली. चिठ्ठीवर एक लाख नव्वद हजार होतं. तिने कागदावर बोट फिरवलं, एका आकड्यावर थांबली आणि तो यंत्रात घातला. दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस. पडद्यावर उत्तर उमटलं. घरं: एकोणीस.

पद्मजाने मनातल्या मनात मोजलं. मग बोटांवर मोजलं. मग भिंतीवरच्या कागदावर वरून खाली मोजलं. अठरा.

"रूपालीताई, असं किती जणांचं केलंत?"

"सगळ्यांचंच की. पहिल्या दिवसापासून. एकाही पेशंटचा आकडा मी कच्चा टाकला नाही."

"आणि मशीन दर वेळी एक घर जास्त दाखवतं, हे लक्षात नाही आलं?"

"आलं ना. मला वाटलं, काही पेशी वाया जात असतील, म्हणून धरत असेल एक जास्तीचं. आपण नाही का भात टाकताना एक मूठ वर टाकत?" रूपालीचं हसू हळूहळू मावळलं. "का हो मॅडम? काय झालं?"

काय झालं ते पद्मजाला उभ्या उभ्या दिसत होतं. आकडा वर नेण्याची युक्ती जुनी आहे. यंत्रात आकडे एक आणि शून्यांनी लिहितात. पाच म्हणजे एक-शून्य-एक. पहिल्या एकानंतरची सगळी घरं एकांनी भरून टाकायची, सात होतात. त्यात एक मिळवला की आठ. पाच लाडवांना आठाचा डबा, अगदी बरोबर. पण मुळातच आठ लाडू असतील तर? आठ म्हणजे एक आणि पुढे तीन शून्यं. ती शून्यं भरली की पंधरा, आणि एक मिळवला की सोळा. आठ लाडवांना सोळाचा डबा. हे होऊ नये म्हणून सुरुवातीलाच एक वजा करून घ्यायचा असतो. ही वजाबाकी पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवतात. पद्मजा ती ओळ लिहायला विसरली होती.

तिने चाचणी घेतली नव्हती असं नाही. हजार आकडे यदृच्छेने काढून घालून पाहिले होते आणि हजारही उत्तरं बरोबर आली होती. पण दहा लाखांपर्यंतच्या आकड्यांत असे नेमके दुपटीतले आकडे वीसच. हजारांत त्यातला एकही आला नाही. आणि कुठल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेमका असा आकडा येणार होता? महाराष्ट्रात एकाच ठिकाणी तो येत होता, रोज, न चुकता, कारण तिथे एक बाई जिवापाड काळजीने काम करत होती.

रूपालीने आधी वरचा आकडा धरला होता, उबवणीने त्याच्याही वरचा. सांगलीतल्या प्रत्येकाला गरजेच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत मात्रा गेली होती.

"रूपालीताई, यांच्यातलं कोणी गेलं का हो? म्हणजे... वारलं का?"

"एकच. कवठेमहांकाळचे शिंत्रे गुरुजी. बिचारे आठ वर्षं अंथरुणाला होते, आणि मग चालायची अशी हौस लागली की थांबेनात. मेच्या उन्हात घरातून निघाले ते जतच्या दिशेने चालतच राहिले. लोकांनी हाका मारल्या, पाणी पुढे केलं, पण थांबलेच नाहीत. रस्त्यातच हार्ट अटॅक आला." रूपालीने हळहळून मान हलवली. "पण चालत गेले हो मॅडम. अंथरुणात नाही."

बाहेर आल्यावर पद्मजा दारातच थांबली. अण्णा बाकावर वाकून खेळत होते. समोरचा रोगी कधीच आत तपासणीला गेला होता. अण्णा दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत होते. एक डाव इकडून, एक तिकडून, मध्ये श्वास घ्यायचीही उसंत नाही. मधल्या बोटाला चिंधी बांधली होती, कारण नख केव्हाच मुळापासून उखडलं होतं. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. वर्षात अकरा किलो वजन उतरलं होतं. "रमलेत, रमू दे" असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तिलाही ते पटलं होतं. सकाळी सहापासून माणूस बोर्डावर बसतो, जेवायला उठवावं लागतं, झोप तीन तासांवर आली, हे सगळं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि आनंद म्हणून पाहिलं होतं.

"अण्णा, चला घरी."

"एवढा एक बोर्ड होऊ दे."

तो एक बोर्ड संपायला पाऊण तास लागला, कारण त्याच्यामागून पाच आले.

घरी तिने त्यांचे कागद काढले. डॉक्टरांनी मागितलेला आकडा एक लाख चाळीस हजार. कुपीत गेलेल्या पेशी पाच लाख चोवीस हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी. पावणेचारपट.

तिने वेळ घालवला नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. त्याच संध्याकाळी तिने आपल्या कंपनीला आणि या उपचारांवर देखरेख करणाऱ्या वैद्यकीय समितीला सविस्तर अहवाल पाठवला. चूक माझी, असं पहिल्याच वाक्यात लिहिलं. सांगलीची उबवणी बंद झाली. वजाबाकीची ती एक ओळ प्रोग्राममध्ये घालायला तिला एक मिनिटही लागलं नाही.

रूपालीला तिने स्वतः फोन केला.

"मी तर तुमचंच ऐकलं, मॅडम," रूपाली म्हणाली.

"हो. तुमचं काही चुकलं नाही."

"मग माझ्याच पेशंटांचं का झालं असं?"

पद्मजाला उत्तर माहीत होतं. तुम्ही एवढी काळजी घेतली नसती तर काहीच झालं नसतं, हे कसं सांगायचं? फोन ठेवल्यावर तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने रात्रीचं जेवण टाकून दिलं.

समितीने उपाय शोधले. डोपामिन थोपवायची औषधं दोघांना देऊन पाहिली, पण दोघंही दिवसभर झोपून राहू लागले आणि औषध उतरलं की पुन्हा तेच. शेवटी उरली ती गोळी. कुपी बसवली की प्रत्येक रोग्याला घरी जाताना एक लाल पाकीट मिळायचं. काही विपरीत घडलंच तर आतली गोळी घ्यायची, आठ दिवसांत लावलेल्या पेशी मरून जातात. सगळ्याच्या सगळ्या. थोड्या मारून थोड्या ठेवायची सोय नव्हती. आणि एकदा मारल्या की पुन्हा लावता येत नव्हत्या, शरीर त्यांना दुसऱ्यांदा थारा देत नसे. समितीने ठरवलं की सांगलीच्या प्रत्येक रोग्याला पत्र पाठवायचं. या मात्रेने हृदयावर वर्ष-दीड वर्षात असह्य ताण येईल, तरी गोळी घ्यावी, असं त्यात स्पष्ट लिहायचं.

"चुकीची मात्रा गेलेल्यांची यादी तुम्हीच काढा," समितीने पद्मजाला कळवलं. "नोंदी तुमच्याकडे आहेत."

नोंदींत दोनशे चौदा नावं निघाली. शिंत्रे गुरुजी वजा करून दोनशे तेरा. एकशे अठ्ठाविसाव्या ओळीवर लिहिलं होतं, मगदूम सुकुमार पायगोंडा, वय अडुसष्ट.

पद्मजा त्या ओळीकडे बघत बसली. बाहेरच्या खोलीतून सोंगट्यांचा खणखण आवाज येत होता. तिला ती खुर्ची आठवली, घास भरवताना हनुवटीवरून ओघळणारी आमटी आठवली. त्या गोठलेल्या चेहऱ्याच्या आत बसलेला माणूस किती एकटा असेल, या विचाराने पुण्यात काढलेल्या रात्री आठवल्या. मी स्वतः त्यांच्यावर लक्ष ठेवीन, तिने मनाशी म्हटलं. नोकरी इथून करीन. दर आठवड्याला हृदय तपासून घेईन. वाटलं तर गोळी केव्हाही देता येईल. कारणं भराभर सुचत गेली. तिने ती ओळ काढून टाकली आणि दोनशे बारा नावांची यादी पाठवून दिली.

पुढच्या गुरुवारी भर दुपारी दिलावर मुल्ला दारात उभे राहिले. अण्णांचे क्लबातले जुने दोस्त. दोघांच्या कुप्या एकाच आठवड्यात बसल्या होत्या. दिलावरचाचांना वस्तू उघडायचा नाद लागला होता. घरातला एकही पंखा जागेवर राहिला नव्हता. घड्याळं, मिक्सर, दाराच्या कड्या, सगळं सुटं करून जमिनीवर ओळीने मांडून ठेवायचे. परवा सुनेने वैतागून त्यांच्यापासून गॅसची शेगडी लपवली होती.

"सुकुमार, तुला आलं का रे पत्र?"

"कसलं पत्र?" अण्णांनी मान वर केली नाही. चिंधी बांधलेलं बोट नेम धरत होतं.

दिलावरचाचांनी खिशातला कागद काढून मोठ्याने वाचून दाखवला. पद्मजा स्वयंपाकघराच्या दारात हातात उलथणं घेऊन खिळून उभी राहिली. वाचता वाचता दिलावरचाचांची बोटं खुर्चीच्या हाताचा खिळा चाचपत होती.

"मी घेणार गोळी," ते म्हणाले. "काल नातीची सायकल सुटी केली मी. पोरगी शाळेत जायला उभी, आणि मी चेन काढून बसलोय. रडायला लागली. ती रडतीया हे मला दिसत होतं बघ, आणि माझा हात काय थांबंना. असलं हालणं काय कामाचं?" ते उठले आणि खिळ्यावरचं बोट महत्प्रयासाने काढून घेतलं. "तुझं टपाल मागं राहिलं असंल. येईल उद्यापरवा."

ते गेल्यावर अण्णांनी आणखी दोन सोंगट्या घेतल्या. मग स्ट्रायकर मुठीत घट्ट धरला. खेळावंसं वाटणारा हात मुठीत आवळला की थोडा वेळ थांबतो, हे त्यांना अलीकडे समजलं होतं.

"पद्मा. मला का न्हाई आलं पत्र?"

"अण्णा..."

"ही मशीन तुझीच न्हवं?"

तिने सगळं सांगितलं. वजाबाकी, भिंतीवरचा कागद, शिंत्रे गुरुजी, यादी, काढून टाकलेली ओळ. अण्णा ऐकत होते. मूठ थरथरत होती, पण ही जुनी थरथर नव्हती. आत काहीतरी सुटायला धडपडत होतं.

"माझं किती पट?"

"पावणेचार."

"आन् शिंत्रे मास्तर?"

"सव्वातीन."

अण्णांनी मान डोलावली. "डेपोत सकाळी गाडी सोडायच्या आधी माझी सही लागायची. ब्रेक बरोबर न्हाई असं वाटलं तर मी सही करायचो न्हाई. डायव्हर शिव्या द्यायचे, पॅसेंजर शिव्या द्यायचे. एकदा तुझ्या आईला माहेरी जायचं होतं त्याच गाडीनं. तीपण बोलली. तरी न्हाई केली." त्यांनी मूठ बोर्डाच्या कडेला टेकवली. "तू दोनशे बारा गाड्या थांबवल्यास आन् एक सोडलीस."

"तुम्हाला पुन्हा त्या खुर्चीत बसलेलं मला बघवणार नाही हो अण्णा."

"म्हंजे तुझ्यासाठी सोडलीस."

पद्मजा खाली बसली आणि तिने लहान मुलीसारखे पदराने डोळे पुसले. अण्णांचा आवाज नरम झाला.

"मलापण बरं वाटलं बघ, तू यादीतनं माझं नाव काढलंस म्हटल्यावर. खोटं कशाला बोलू? आत कोणतरी उड्या मारायला लागलंय, की वाचलो, आता खेळ. पर ते बोलतंय कोण? मी का ती कुपी? मला काय आता कळंना झालंय." त्यांनी मूठ आणखी आवळली. बोटांची पेरं पांढरी झाली होती. "आण ती गोळी. आत्ता आण. आत्ता मी व्हय म्हणतोय. घटकाभरानं मी न्हाई म्हणीन, तुझ्याशी भांडीन, तुझ्या पाया पडीन. तवा माझं ऐकू नकोस. आत्ताचं ऐक."

लाल पाकीट कपाटात आईच्या साड्यांखाली होतं. पाकीट शोधून, फोडून, पेल्यात पाणी घेऊन येईपर्यंत फार तर चार मिनिटं गेली असतील. ती बाहेर आली तेव्हा मूठ उघडली होती. सोंगट्या नव्याने मांडल्या होत्या. अण्णा बोर्डावर वाकले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो आनंद होता, जो बघायला ती वर्षभर पुण्याहून धावत येत होती.

"अण्णा, गोळी."

"हां हां. एवढा एक बोर्ड होऊ दे."

ती उभी राहिली. बोर्ड झाला. त्यांनी न बोलता सोंगट्या पुन्हा मांडल्या. दुसरा झाला. "अण्णा, तुम्ही आत्ताच म्हणालात," ती म्हणाली. "कोण म्हणालं? उद्या बघू," ते म्हणाले, आणि त्यांनी राणी घेतली, लगेच कव्हरही केली. हे ते मनापासून म्हणत होते, आणि मघाशी म्हणालेलंही मनापासूनच होतं. दोन्ही तिच्याच वडिलांच्या तोंडून आलं होतं. मघाचा माणूस आता तिला बोलावून विचारता येणार नव्हता. तो सांगून गेला होता, आणि त्याचं ऐकायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

तिसऱ्या बोर्डाला तिने पेला खाली ठेवला, त्यांच्याशेजारी बसली आणि त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. हात तिच्या पकडीत उसळत होता. अण्णा ओरडले. सोड म्हणाले, वैरीण म्हणाले, मग खरंच पाया पडतो म्हणाले. पद्मजाला हुंदका आवरेना. तरी तिने हात सोडला नाही.

"आ करा अण्णा," ती म्हणाली. "या गाडीवर तुम्हीच सही केली नाहीत. आ करा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना समोर बोर्ड दिसत नव्हता, मुलगी दिसत होती. त्यांनी तोंड उघडलं. तिने गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, गिळल्याची खात्री केली, आणि मगच हात सोडला.

हात लगेच स्ट्रायकरवर गेला.

त्याच दुपारी तिने समितीला दोनशे तेरावं नाव कळवलं. हे नाव माझ्या वडिलांचं असून मी ते जाणूनबुजून गाळलं होतं, असंही लिहिलं. त्याचं जे व्हायचं ते पुढे झालं. ती आता कुठल्याच यंत्राचा प्रोग्राम लिहीत नाही. पण त्या आठवड्यात तिला त्याची फिकीर नव्हती. तिने फोन बंद केला, दाराला कडी लावली आणि बोर्डाच्या पलीकडे अण्णांच्या समोर जाऊन बसली.

आठ दिवस बापलेक खेळले. सकाळी, दुपारी, जेवताना ताट बाजूला ठेवून. अण्णांनी तिला एकाही बोर्डात डोकं वर काढू दिलं नाही. मध्येच ते तिला तिच्या आईच्या गोष्टी सांगायचे, मध्येच तिच्या नेमाला नावं ठेवायचे. पाचव्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला. सातव्या दिवशी ते दोन बोर्ड झाल्यावर आपणहून जेवायला उठले आणि पोटभर जेवून पाच तास झोपले.

नवव्या दिवशी पद्मजा जिंकली.